खांदा, गाल आणि दस्ता
(नभोवाणीवरील भाषण)



पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळेंतील छात्रसेनेचें काम माझ्याकडे आलें, आणि त्या निमित्तानें शिक्षकांसाठीं भरलेल्या एका शिबिरास मला जावें लागलें. इतिहासाच्या तासाला पानिपतापासून वॉटर्लूपर्यंत कितीतरी लढाया मीं मुलांकडून घोकून घेतल्या होत्या. परंतु प्रत्यक्ष बंदूक हातीं धरण्याचा प्रसंग तो पहिलाच. थ्री-नॉट-थ्रीची जुनी रायफल खांद्यास लावून मीं पांच गोळ्या झाडल्या. एकही फळ्याला लागली नाहीं. खांदा मात्र संध्याकाळपर्यंत काळानिळा झाला. माझ्या शेजारीं पालथे पडलेले आमचे चित्रकला-शिक्षक सहा फूट उंचीचे. त्यांचाही नेम माझ्याइतकाच वाईट, आणि वर रायफलीच्या धक्क्यानें त्यांच्या हाताचा आंगठा नाकावर आपटलेला. दुसरे दिवशीं सकाळीं हवालदारसाहेब आले, त्यांनीं आम्हां दोघांच्या रायफली उलटसुलट करून पाहिल्या आणि ते हसूं लागले. माझ्या रायफलीच्या दस्त्यावर ‘एल्’ हें अक्षर ठोकलेलें होतें आणि त्यांच्या दस्त्यावर ‘एस्’. एल् म्हणजे लांब, एस् म्हणजे आंखूड. ली-एन्फील्ड जातीच्या रायफलीचे दस्ते चार मापांचे निघत: एक नेहमींचा, एक त्याहून अर्धा इंच लांब, एक अर्धा इंच आंखूड आणि एक पुरता इंचभर आंखूड. मी उंचीनें पांच फूट दोन इंच, आणि माझ्या वांट्याला आला होता तो सर्वांत लांब!

त्या अर्ध्या इंचानें माझें कुतूहल जागें केलें. बंदुकीची गोष्ट निघाली म्हणजे लोक नळीविषयीं बोलतात, गोळीविषयीं बोलतात, दारूविषयीं बोलतात. दस्त्याकडे मात्र सुताराचें काम म्हणून कोणी पाहत नाहीं. वास्तविक नळी ही लोखंडाची नि दस्ता हा माणसाचा. शस्त्र आणि शरीर यांची गांठ तेथें पडते. आजच्या भाषणांत या दस्त्याचाच थोडासा इतिहास मी सांगणार आहें, आणि तोही एका विशिष्ट रायफलीच्या संबंधांत: जी आपली आपण भरली जाते आणि तरीही जिच्याकडून अचूक नेमाची अपेक्षा केली जाते, अशा रायफलीच्या. विषय संहाराच्या साधनाचा आहे हें मी विसरलों नाहीं. तथापि माणसानें आपल्या हातांतील साधन आपल्या देहाशीं कसें जुळवून घेतलें, हा इतिहासाचाच भाग आहे. आणि या प्रकरणांत तो भाग, मला वाटतें, फार उशीरां लिहिला गेला.

आपल्याकडील तोड्याची बंदूक ज्यांनीं संग्रहालयांत पाहिली असेल त्यांना आठवेल कीं, तिचा दस्ता सरळसोट आणि निरुंद असतो. लांब नळी त्या लाकडावर तारेनें किंवा कातडी वाद्यांनीं बांधलेली असते. युरोपांतील कारागिरांनीं पुढें दस्त्यास खालच्या बाजूस बांक दिला, त्याचा शेवट रुंद केला आणि तो खांद्याच्या खोबणींत बसेल असा घडविला. त्यामुळें डोळा आपोआप नळीच्या रेषेंत येऊं लागला. या कामीं अक्रोडाचें लाकूड सर्वांत मानाचें ठरलें. तें बळकट, फार जड नाहीं, सहसा चिरत नाहीं आणि घासलें म्हणजे हाताला गुळगुळीत लागतें.

परंतु लाकूड तें लाकूडच. पावसाळ्यांत आपल्या घरचीं दारें फुगतात हें कोणा गृहिणीस सांगावयास नको. रायफलीचा दस्ता असाच फुगतो, उन्हाळ्यांत आक्रसतो, आणि तसें करतांना पोटांतील लोखंडावर कधीं या बाजूनें, कधीं त्या बाजूनें दाब आणतो. गोळी सुटतांना नळी वाजविलेल्या तारेसारखी कांपते. तें कंपन प्रत्येक वेळीं एकाच प्रकारचें असेल तर गोळ्या एका ठिकाणीं जातात. लाकडाचा स्पर्श आज एक आणि उद्यां दुसरा झाला कीं नेम सरकतो. म्हणून चांगल्या नेमाच्या रायफलीच्या दस्त्यास दोन धनी संभाळावे लागतात. लोखंडास त्यानें घट्ट पण एकसारखी बैठक द्यावयाची व शक्य तों नळीस मुळींच शिवावयाचें नाहीं. आणि माणसास त्यानें खांदा, गाल, हात व डोळा यांची बैठक द्यावयाची. पहिल्या धन्याची सेवा कारागिरांनीं मन लावून केली. दुसऱ्याला मात्र दीर्घकाळ सांगण्यांत आलें कीं, बाबा रे, तूंच रायफलीच्या मापाचा हो.

हातानें खिट्टी ओढून भरावयाच्या रायफलींत हें सगळें त्यांतल्या त्यांत सोपें असतें, कारण गोळी सुटतेवेळीं तिच्यांत फारसें कांहीं हलत नाहीं. स्वयंभर रायफलीची गोष्ट निराळी. नळींतील तप्त वायूचा थोडा भाग वळवून त्याच्या जोरानें दट्ट्या मागें ढकलला जातो, रिकामें काडतूस बाहेर फेकलें जातें, दुसरें वर चढतें, आणि शिपायानें चाप पुन्हां ओढावयाचा एवढेंच उरतें. या सगळ्या खटपटीचे हादरे दस्त्यास सोसावे लागतात. शिवाय नळीला तो वायूचा सरंजाम चिकटलेला असल्यामुळें तिला मोकळी ठेवणें कठीण. सोव्हिएत रशियानें तोकारेव्ह यांच्या १९४० च्या स्वयंभर रायफलीवर दुर्बीण बसवून पाहिली. नेम पुरेसा नेटका पडेना, म्हणून १९४२ मध्यें ती आवृत्ती थांबवून जुन्या मोसिन रायफलीकडेच परत जावें लागलें.

अमेरिकेंत जॉन गॅरंड यांची एम्-१ रायफल १९३६ मध्यें सैन्यानें स्वीकारली. गॅरंड हे मूळचे कॅनडांतील क्वेबेक प्रांताचे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारांत त्यांनीं आयुष्याचीं ऐन वर्षें घालविलीं. दुसऱ्या महायुद्धांत ही रायफल लक्षावधि शिपायांच्या हातांत होती. अक्रोडाचा दस्ता, आठ काडतुसांची पोलादी चिमटी, आणि ती चिमटी वरच्या बाजूनें आंत दाबावयाची. आठवी गोळी सुटली कीं रिकामी चिमटी खणकन् आवाज करून वर उडे.

या ‘वरच्या बाजूनें’ या दोन शब्दांतच पुढील सारी अडचण सांठलेली होती. १९४४ मध्यें या रायफलीस दुर्बीण लावून ती स्नायपरला, म्हणजे दडून एकेक नेम साधणाऱ्या शिपायाला, द्यावयाचें ठरलें. दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसविली तर चिमटी घालावयाची कोठून आणि उडावयाची कोठें? तेव्हां दुर्बीण डाव्या बाजूस सरकविण्यांत आली. आतां शिपायानें नेहमींप्रमाणें दस्त्यावर गाल टेकला तर त्याचा डोळा दुर्बिणीच्या रेषेंत येईना. मान डावीकडे काढून धरावी, तर गालाला आधार नाहीं, आणि आधार नाहीं तेथें अचूकता नाहीं. यावर जो उपाय निघाला तो पाहून मला आपल्या तोड्याच्या बंदुकीच्या वाद्या आठवतात. दस्त्याच्या डाव्या अंगाला एक कातडी गादी, जोड्याला बांधावी तशी नाडीनें बांधून दिली! त्या गादीनें चेहरा हवा तितका बाहेर ढकलला जाई आणि डोळा कांचेसमोर येई. एम्-१ सी आणि एम्-१ डी या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या या रायफली महायुद्धांत थोड्याच पोंचल्या. त्यांचा खरा उपयोग १९५० ते १९५३ च्या कोरियाच्या युद्धांत झाला.

त्या गादीकडे कोणी हंसून पाहील. मला ती मोठी बोलकी वस्तु वाटते. एवढें अचूक यंत्र, एवढा अभ्यास, आणि माणसाचा गाल कोठें टेकेल हा प्रश्न सर्वांत शेवटीं सुचलेला. त्याचें उत्तर मोच्याच्या दुकानांतून आणलेलें.

गॅरंडच्या रायफलींत दुसरीही एक खोंच होती. तिचा लोखंडी भाग लाकडांत दाबून धरला जाई तो चापाच्या खालील कडीच्या पकडीनें. साफसफाईसाठीं ती कडी पुनःपुन्हां उघडली कीं लाकूड झिजे, पकड ढिली होई आणि नेम बिघडे. हीच रचना पुढें १९५७ मध्यें स्वीकारलेल्या एम्-१४ रायफलीला वारशानें मिळाली. ही रायफल व्हिएतनामच्या दलदलींत गेली तेव्हां लाकडाची परीक्षा पाहणारें हवामान तिला भेटलें. १९६८-६९ मध्यें मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशांत लढणाऱ्या नवव्या पायदळ डिव्हिजनच्या स्नायपरांपाशीं ज्या एम्-१४ रायफली होत्या, त्या स्पर्धेच्या रायफलींप्रमाणें निवडून घासूनपुसून तयार केलेल्या असत. लोखंड जेथें दस्त्यांत बसतें तेथें कांचतंतु मिसळलेल्या राळेचा लेप देऊन त्याचा हुबेहूब सांचा उठवीत, म्हणजे सुईच्या टोंकाएवढीही पोकळी राहत नसे. पुढें अक्रोडाच्या लाकडांतच इपॉक्सी राळ मुरविण्यांत येऊं लागली, कीं पाण्यानें तें फुगूं नये. आपल्याकडे नाखवे होडीच्या लाकडास तेल पाजतात, त्याच जातीचा हा विचार. आणि इतकें केल्यावर शिपायास ताकीद अशी कीं, लोखंड दस्त्यांतून उगाच काढूं नको. काढलेंस कीं बैठक गेली. चिखलांत राहणाऱ्या माणसाला साफसफाईची मनाई, यापरतें अवघड व्रत कोणतें! ही रायफल एम्-२१ या नांवानें पुढें अनेक वर्षें चालली, तिचे कांहीं दस्ते फायबरग्लासचेही झाले. परंतु १९८८ मध्यें अमेरिकेच्या सैन्यानें तिच्या जागीं एम्-२४ ही हातानें भरावयाची रायफल आणली. तिचा दस्ता केव्हलार, ग्रॅफाइट व फायबरग्लास यांचा, आंत अॅल्युमिनियमची बैठक बसविलेला, आणि लांबी कमीअधिक करतां येणारा. स्वयंभर रायफलीच्या भाबड्या भक्तांना हा पराभव वाटला असेल. मला त्यांत दस्ता हाच खरा प्रश्न आहे याची कबुली दिसते.

याच काळांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास एक वेगळ्या वळणाचा विचार चालला होता. उरल पर्वताच्या बाजूस इझेव्हस्क म्हणून बंदुकांच्या कारखान्यांचें जुनें गांव आहे. तेथें १९२० मध्यें जन्मलेले येव्गेनी द्रागुनोव्ह हे बंदूक घडविणाऱ्यांच्याच घराण्यांतले. सैन्याच्या कामाआधीं त्यांनीं क्रीडास्पर्धेच्या रायफली तयार केल्या होत्या, आणि स्पर्धेचा नेमबाज आपल्या गालाविषयीं व मनगटाविषयीं किती चोखंदळ असतो हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. १९६३ मध्यें स्वीकारलेल्या त्यांच्या स्वयंभर रायफलीचा दस्ता पाहावा: मधला भाग कापून काढलेला, जणूं दस्त्याची नुसती चौकट, हाताची मूठ त्याच लाकडांतून उतरलेली, आणि गालासाठीं वर बसवितां-काढतां येणारी स्वतंत्र गादी. लाकूडही एकजिनसी नव्हे, पातळ थर चिकटवून केलेलें, म्हणजे हवेप्रमाणें कमी वांकणारें. नळीभोंवतींचीं कवचें स्प्रिंगच्या आधारानें बसविलेलीं. तापलेल्या नळीस लांबावयाचें असेल तर तीं आड येत नाहींत. दुर्बीण धरून सारें वजन सुमारें सव्वाचार किलो.

येथें निवड काय होती हें नीट ध्यानांत घ्यावें. द्रागुनोव्ह यांना याहून जड, याहून स्थिर रायफल करतां आली नसती असें नाहीं. परंतु ज्यानें ती घेऊन पलटणीबरोबर दिवसभर चालावयाचें, धांवावयाचें, गाडींतून उडी टाकावयाची, त्या शिपायाचें माप त्यांनीं आधीं घेतलें. अचूकतेंत थोडें सोडून त्यांनीं हलकेपणांत पुष्कळ मिळविलें. भारतीय सेनेनेंही ही रायफल अनेक दशकें वापरली. उत्तम नेम कागदावरील फळ्यावर मोजणाऱ्यांनीं तिला नांवें ठेविलीं आहेत. मला विचाराल तर या सर्व मंडळींत शहाणा दस्ता हाच.

तथापि सगळ्या नेमबाजांना चालावयाचें नसतें. १९७२ च्या सप्टेंबरांत म्यूनिक येथें ऑलिंपिक सामने चालू असतां सशस्त्र टोळीनें इस्राएली खेळाडूंना ओलीस धरलें. दोघे पहिल्याच झटापटींत मारले गेले. उरलेल्या नऊ जणांना सोडविण्यासाठीं फुर्स्टेनफेल्डब्रुक येथील विमानतळावर पोलिसांनीं पांच नेमबाज बसविले. समोर हल्लेखोर होते आठ. नेमबाजांच्या हातीं सैन्याच्या साध्या जी-३ रायफली होत्या, त्यांवर दुर्बीण नव्हती, रात्र झालेली होती. ओलिसांपैकीं एकही वांचला नाहीं, आणि एक पोलिसही प्राणास मुकला. त्या रात्रींच्या अपयशाचीं कारणें अनेक होतीं आणि तीं सारीं हत्याराच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु पोलिसांच्या नेमबाजास वेगळी रायफल हवी, हें त्यानंतर जर्मनींत कोणास पटवून द्यावें लागलें नाहीं.

त्यांतून निघाली हेक्लर आणि कॉख कारखान्याची पीएस्जी-१. ही द्रागुनोव्हच्या अगदीं उलट. वजन आठ किलोंच्या घरांत. ती खांद्यावर टाकून कोणी डोंगर चढणार नाहीं. पण दस्ता पाहावा तर न्हाव्याच्या खुर्चीसारखा: लांबी बदला, गालाचा भाग उंच करा, खांद्याला टेकणारा तुकडा वर-खालीं सरकवा, मुठीवरील तळहाताचा आधारही आपल्या हाताच्या मापाचा करा. ज्या माणसास एकाच खिडकीमागें तासन्तास निश्चल पडून राहावयाचें आहे आणि ज्याच्या एका गोळीच्या दोन बाजूंस निरपराधाचा जीव आहे, त्याला ताठरलेली मान परवडत नाहीं. जडपणा हा येथें दोष नसून गुणच.

आतां तिसरी वाट. यूजीन स्टोनर या अमेरिकन रचनाकारानें १९५० नंतरच्या दशकांत आर्मालाइट कंपनीसाठीं एआर्-१० रायफल काढली, तींत त्यानें जुन्या दस्त्याचा बांकच काढून टाकला. दस्ता नळीच्या सरळ रेषेंत मागें गेला. बांक असला म्हणजे धक्का खांद्याच्या वर बसतो आणि रायफलीचें तोंड उडतें. रेषा सरळ असली कीं धक्का सरळ खांद्यांत उतरतो आणि दुसऱ्या गोळीसाठीं नजर फार ढळत नाहीं. याचें मोल असें कीं, डोळा नळीहून बराच वर येतो, म्हणून नेमाची माशी व दुर्बीणही उंच बसवावी लागते. शिवाय मागें येणाऱ्या भागांचा स्प्रिंग दस्त्यांतल्या नळकांड्यांत असल्यामुळें दस्ता सहज दुमडतां येत नाहीं. पण एक फार मोठी गोष्ट साधली. दस्ता आणि नळी यांचा संबंधच तुटला. पुढील हातासाठीं असलेलें कवच मुळाशीं घट्ट बसवून नळीस मोकळी ठेवतां येऊं लागली, आणि मागील दस्ता हा फक्त माणसाचा उरला. स्टोनर यांनीं १९९० नंतर रीड नाइट यांच्यासह याच बेतावर एस्आर्-२५ तयार केली. तिच्याच घराण्यांतली एम्-११० ही अमेरिकन सैन्यानें २००८ च्या सुमारास वापरांत आणली. वीस वर्षांपूर्वीं ज्या स्वयंभर रायफलीस निरोप दिला होता तिला अशा रीतीनें परत बोलाविण्यांत आलें.

आणखी एक मौज सांगतों. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांच्या काळांत कोठारांत पडलेल्या त्या जुन्या एम्-१४ रायफली बाहेर काढण्यांत आल्या. लोखंड तेंच, अक्रोडाचा दस्ता मात्र काढून टाकून अॅल्युमिनियमची चौकट दिली. ना फुगणें, ना राळेचा लेप, ना झिजणारी बैठक. मागें लांबी बदलणारा दस्ता आणि वर-खालीं होणारी गालाची पट्टी. वजन वाढलें, हिंवाळ्यांत धातु हाताला चटका देई तो निराळा. पण जें व्हिएतनाममध्यें लाकडांत राळ मुरवून साधेना तें धातूनें साधलें.

नेमबाजीची आवड असलेले कांहीं तरुण अलीकडे क्लबांतून भेटतात आणि दस्ता कसला चांगला, लाकडाचा, फायबरग्लासचा कीं धातूचा, असा वाद घालतात. या इतिहासावरून मला तरी क्रम उलटा वाटतो. प्रथम लांबी पाहावी, कारण ती चुकली कीं चापावरचें बोट आणि दुर्बिणीमागील डोळा दोन्ही चुकतात. मग गालाची उंची, विशेषतः दुर्बीण उंच बसली असेल तर. मग वजन, आणि तें रायफल कोण, कोठवर वाहून नेणार यावरून. लाकूड कीं लोखंड हा वाद त्यानंतर.

त्या शिबिराची गोष्ट अर्धी राहिली. हवालदारसाहेबांनीं चित्रकला-शिक्षकांची ‘एस्’ रायफल मला दिली आणि माझी ‘एल्’ त्यांना. दस्ता खांद्यांत असा बसला कीं जणूं सुतारानें मला समोर उभें करून माप घेतलें होतें. त्या सकाळीं माझ्या पांचांपैकीं चार गोळ्या फळ्याला लागल्या. चित्रकला-शिक्षकांच्या किती लागल्या हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. पण नाकावरची सूज दोन दिवसांत उतरली.